बाविसावी पात

गावच्या वाचनालयाच्या भिंतीवर एक ओळ रंगवलेली होती. निळा रंग, टपोरी अक्षरं:

बाविसावी पात गं कुणाची?
वाऱ्याची गं, वाऱ्याची.

आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'लोकगीत'.

ती ओळ शाळेच्या पुस्तकात होती. निरोपाच्या भाषणांत होती, दुकानांच्या दिनदर्शिकांवर होती. पाण्यात साखर विरघळावी तशी ती लोकांच्या तोंडात विरघळून गेली होती. कुणी लिहिली, कधी लिहिली, हे विचारायचं कुणाला सुचतच नसे. बाई रोज संध्याकाळी वाचनालयात यायच्या आणि त्या भिंतीकडे पाठ करून बसायच्या. लोकांना वाटायचं, पुस्तकावर मागून उजेड पडावा म्हणून.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी अख्ख्या गावाच्या बाईच. एकतीस वर्षांपूर्वी, तिशीच्या उंबरठ्यावर असताना, त्या वही आणि दोन पेन्सिली घेऊन उतारावरच्या वस्तीत गेल्या होत्या. बस जिथे संपते तिथून पुढे दीड तास चालायचं. तिथे डोंगराच्या कुशीत एक लांबच लांब उतार होता, त्याच्या बावीस पट्ट्या पाडलेल्या. वस्तीतल्या बायका एकेका पट्टीला पात म्हणत. खुरपणीच्या दिवसांत त्या एकेकटीनं काम करत नसत. सगळ्या मिळून एकीची पात घ्यायच्या, ती संपली की दुसरीची. आडव्या ओळीत उकिडव्या बसायच्या, हाताला येईल तेवढं तण काढायच्या आणि एकदम पुढे सरकायच्या. ओळीच्या मधोमध जी बसायची ती गाणं सांगायची. तिला म्होरकी म्हणत.

गाण्यात प्रत्येक पातीचं एक कडवं होतं. पात कुणाची, तिच्यात काय पिकतं, तिच्या शेवटाला काय आहे. कडवं झालं की पालुपद यायचं: 'सर गं सये, सर पुढं.' पुन्हा 'सर गं सये, सर पुढं.' पात संपेपर्यंत तेच. दोन दिवस बाई बांधावर बसून लिहीत होत्या. मान वर करायला फुरसत नव्हती. त्यांनी सगळं ऐकलं. पाहिलं मात्र फार थोडं.

त्याचं पुस्तक झालं. साठ पानांचं, पातळ, पिवळ्या वेष्टणाचं. आणि एवढ्याशा पुस्तकानं बाईंना जन्मभराचं नाव दिलं.

*

एका दुपारी दाराची कडी वाजली. दारात धाकटी उभी होती, म्होरकीची मुलगी. चार बहिणींत सगळ्यात लहान, म्हणून धाकटी. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटीच. म्होरकी जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"बसत नाही बाई, पाय मातीचे आहेत," ती म्हणाली आणि उंबऱ्यावरच टेकली. "उद्या तारीख आहे ना. वकीलताईंना कागद द्यायला आले होते. म्हटलं, तुमच्याकडे एक डोकावून जावं."

तारखेचं बाईंना ठाऊक होतंच. वकीलताई म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी, त्यांच्याच घरी लहानाची मोठी झालेली. नवा कायदा आला होता: जी माणसं तीस वर्षांहून जास्त काळ जमीन कसत आहेत, त्यांनी तसं सिद्ध करावं, जमीन त्यांच्या नावावर होईल. वस्तीच्या हातात कागदाचा कपटा नव्हता. शेजारचे बागवाले म्हणत होते की उतार पूर्वीपासून ओसाड होता, या बायका परवा-परवा येऊन बसल्या. आणि मग भाचीला घरच्याच कपाटात ते पिवळं पुस्तक दिसलं. एकतीस वर्षांपूर्वी छापलेलं, पहिल्या पानावर साल, आणि आत बावीस पातींचं गाणं, बाईमाणसांच्या ओळखीसकट. पहिली थोरलीची, दुसरी तिच्या जावेची, पाचवी तोतरीची, अकरावी जुळ्यांच्या आईची. मागच्या तारखेला समोरच्या वकिलानं पुस्तक चाळलं, चष्मा वर केला आणि गोड हसून म्हणाला, "एकवीस पातींबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण बाविसावी? तुमचंच पुस्तक सांगतंय, ती वाऱ्याची. वाऱ्यानं अर्ज केलाय का?"

कचेरीत सगळे हसले होते. बाविसावी पात झऱ्याला लागून होती, आणि बागवाल्यांचा डोळा पहिल्यापासून झऱ्यावरच होता. त्यांनी तर काही वर्षांपूर्वी पात मध्यावर कापून तारेचं कुंपणही घातलं होतं.

"तुझी पात," बाई म्हणाल्या.

"माझी. आधी आईची." धाकटीनं पदरानं मान पुसली. "मी सोडते म्हटलंय बाई. एका पातीसाठी एकवीस जणींच्या पोटावर पाय कशाला? वकीलताईंनाही सांगितलं, तडजोड करून टाका. कोंबड्या पाळेन, आणखी काही करेन. त्यासाठी नाही आले."

"मग?"

"एक विचारायचं होतं. खरं खरं सांगाल?" ती उंबऱ्याच्या लाकडावर बोट फिरवत राहिली. "ते वाऱ्याचं कडवं... आई तसं म्हणायची का हो? मला आठवतं ते वेगळंच. त्यात झरा होता, काळा धोंडा होता. मी लहानपणापासून ऐकलंय. पण वस्तीत कुणाला विचारलं तर म्हणतात, तुझं काहीतरीच, वाऱ्याचंच आहे, पोरांच्या पुस्तकात छापलंय. आता सगळ्या खुरपतानाही वाऱ्याचंच म्हणतात. मीसुद्धा म्हणते. मग कधी कधी वाटतं, मीच मनानं रचलं की काय? जमीन जाते ती जाऊ दे बाई. पण आईनं न म्हटलेलं मी तिच्या तोंडी घालत असेन, तर ते पाप नको. तेवढं सांगा, म्हणजे मी मोकळी."

उत्तर बाईंच्या जिभेच्या टोकावर होतं. एकतीस वर्षं ते तिथेच बसून होतं.

"वही बघावी लागेल," त्या म्हणाल्या.

"बघा, बघा. घाई नाही." धाकटी गुडघ्यावर हात ठेवून उठली. "उद्या अकरा वाजेपर्यंत सांगितलंत तरी चालेल."

ती थट्टा होती की नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

*

वही पेटीत होती. जुन्या स्वेटरांखाली, शाळेच्या हजेरीपत्रकांच्या गठ्ठ्याखाली, जणू बाईंनी तिला वर येऊच द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पेन्सिलीची अक्षरं फिकटली होती, पण पुसली नव्हती. शेवटच्या पानावर त्यांचंच वळण, धावतं, तरुण:

बाविसावी पात गं कुणाची?
माझीच बाई, माझीच गं.
झऱ्याच्या काठाला काळा धोंडा,
तिथवर माझी, माझीच गं.

त्यावर एक तिरकी रेघ. आणि वर, दुसऱ्या पेन्सिलीनं, सावकाश, सुबक:

वाऱ्याची गं, वाऱ्याची.
पेरून गेला, परतून ना आला,
वाट बघते माती त्याची.

तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. एकवीस पाती एकवीस जणींना वाटून झाल्यावर गाण्याच्या शेवटी म्होरकीनं 'माझीच, माझीच' म्हणावं, हे त्या तरुण बाईंना खटकलं होतं. एवढं उदार गाणं आणि शेवटाला ही मूठ आवळलेली! बाजारात भाजीवालीनं पाटीवर हात ठेवावा तसं. म्हणून त्यांनी ती मूठ सोडवली. इकडे एक रेघ ओढली, आणि तिकडे एका बाईची जमीन वाऱ्यावर गेली.

पुस्तक छापून आल्यावर त्या स्वतः ते घेऊन वस्तीत गेल्या होत्या. म्होरकी वाचायला शिकलेली नव्हती. बाईंनी वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती, मध्येच मान डोलवत होती. शेवटच्या कडव्याला तिनं डोळे उघडले.

"छान आहे. पण माझी पात कुठे गेली गं पोरी?"

"कवितेत असं असतं," बाई म्हणाल्या होत्या. "शेवट जरा उंच लागतो."

म्होरकी खळखळून हसली होती. "असू दे, असू दे. तुझ्या कागदावर वाऱ्याची. माझ्या पायाखाली माझी. कागदानं का पोट भरतं?"

तेव्हा नव्हतं भरत. आता कागदच ठरवणार होता, कुणाचं पोट कुठे भरायचं ते.

संध्याकाळी भाची आली, चहाचं आधण ठेवता ठेवता सगळं ऐकलं आणि गॅस बंद करून वळली.

"आत्या, तू उद्या तोंड उघडायचं नाहीस."

"अगं पण..."

"पण नाही नि बिण नाही. माझं ऐक. आपल्याकडे पुरावा एकच, हे पुस्तक. तू उभी राहून म्हणालीस की एक कडवं मी घरी बसून रचलं, तर तो काय म्हणेल? म्हणेल, उरलेली एकवीस कशावरून नाही रचली? एका फटक्यात बावीसच्या बावीस जातील. आज एकवीस घरं वाचतायत. धाकटी स्वतः हो म्हणालीये."

"ती जमीन नाही मागत आहे. ती विचारतेय की मला आठवतं ते खरं का."

"मग तिला घरी बोलावून सांग. हळूच. कचेरीत कशाला?"

सगळ्या गावाला खोटं मोठ्यानं सांगायचं आणि एकीला खरं हळूच सांगायचं, हा हिशेब बाईंना जमेना. त्यांनी वही पुढे सरकवली.

"आणि या काय रेघोट्या?" भाचीनं विचारलं. प्रत्येक कडव्याच्या शेजारी समासात बारीक उभ्या रेघा होत्या. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावर आडवी, मुलांना मोजणी शिकवतात तशा. कुठे एकतीस, कुठे सव्वीस, शेवटच्या कडव्यापाशी एकोणीस.

"पालुपद किती वेळा म्हटलं त्याच्या खुणा. मास्तरणीची खोड. छापताना काढून टाकलं ते सगळं. तेच तेच होतं, पाल्हाळ. वाचणारा कंटाळला असता."

भाचीनं वही मिटली. "उद्या ही घरीच ठेव," ती म्हणाली आणि पुन्हा गॅस पेटवला.

*

कचेरीची खोली लांबट होती. खुर्च्या कमी, माणसं जास्त. साहेबांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली कुठल्यातरी जुन्या अर्जाची घडी सारलेली. साहेबांना पडसं झालं होतं. हातरुमाल आणि पेन यांची त्यांच्याकडून सारखी अदलाबदल होत होती. मागच्या भिंतीला वस्तीच्या बायका टेकल्या होत्या, धाकटी अगदी कोपऱ्यात. बाई आत आल्या तेव्हा तिनं नुसत्या भुवया उंचावल्या: पाहिली का वही?

"तर दोन्ही बाजूंचं जुळतंय असं दिसतं," साहेब म्हणाले. "एकवीस पाती कसणाऱ्यांकडे. बाविसावीवर दावा नाही. सही करून टाका, म्हणजे..." आणि शिंकले.

त्या शिंकेच्या आडोशानं बाई उठल्या.

"साहेब, पुस्तक माझं आहे. मला बोलायचंय."

भाचीनं डोळे मिटून घेतले.

"बाविसावं कडवं त्या बायकांचं नाही," बाई म्हणाल्या. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तोच आवाज, फक्त आज त्याला कडेनं चीर गेली होती. "ते मी लिहिलं. म्होरकीनं म्हटलं होतं ते मला रुचलं नाही, म्हणून खोडलं आणि माझं घातलं. तिनं पात वाऱ्याची म्हटली नव्हती. तिनं ती स्वतःची म्हटली होती."

समोरचा वकील सावकाश उभा राहिला. ताटात आवडीचं वाढलेलं पाहून माणूस बाह्या सारतो तसा.

"अरेरे. म्हणजे ते लोकगीत नव्हे? माझी मुलगी पाठ करते हो ते!" तो साहेबांकडे वळला. "साहेब, शितावरून भाताची परीक्षा. एक शीत कच्चं निघालं, तर अख्खी हंडी कच्ची. बाईंना शेवट आवडला नाही, त्यांनी बदलला. सुरुवात आवडली नसती तर तीही बदलली असती. मी माझं मागचं म्हणणं परत घेतो. एकवीस पातींचं काय प्रमाण आहे?"

मागच्या भिंतीपाशी कुजबुज उठली. "आता गं?" कुणीतरी म्हणालं. दुसरी म्हणाली, "शिकलेल्या माणसांचं हे असंच. बुडवतात तेही पुस्तकात बघून." बाईंनी ते ऐकलं. ऐकायलाच हवं होतं.

त्यांनी पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे प्रमाण. मी बांधावर बसून लिहिलेलं, जसंच्या तसं. खोडलेलं एकच कडवं आहे, तेही खाली वाचता येतं. बाकी पुस्तकाशी ताडून बघा."

साहेबांनी पानं उलटली. नाक पुसलं. पुन्हा उलटली. "या रेघा कसल्या?"

"पालुपदाच्या. 'सर गं सये, सर पुढं' हे किती वेळा म्हटलं त्याच्या. त्याला काही अर्थ नाही, नुसती पुनरुक्ती..."

"अर्थ नाही कसा?"

आवाज कोपऱ्यातून आला होता. धाकटी पुढे आली, बायकांमधून वाट काढत. मातीचे पाय तसेच फरशीवर उमटत गेले.

"बाई, अर्थ नाही कसा हो? उगाच म्हणतो का आम्ही ते? एकदा म्हटलं की एकदा सरकायचं, ती एक सर. सगळ्यात हळू जिचा हात, तिचं झालं की म्होरकी म्हणते 'सर पुढं', मग सगळ्या मिळून सरकतात. म्हणजे मागे कुणी राहत नाही. पात जेवढी लांब तेवढ्या वेळा म्हणायचं. आई तर गाण्यावरूनच सांगायची, अमकीची पात तिसाची, तमकीची सव्विसाची." ती वहीवर वाकली. अक्षरं तिला येत नव्हती, पण रेघा येत होत्या. तिचं बोट शेवटच्या समासावरून सरकलं. ओठ हलत होते. "एकोणीस. बरोबर. आमची एकोणिसाची. हे तुम्ही लिहून ठेवलंत होय?"

बाईंनी त्या रेघांवरून स्वतःचं बोट फिरवलं. एकतीस वर्षं ज्याला त्या पाल्हाळ म्हणत आल्या, ते अंतर होतं. दोन दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे बायका गाण्यानं जमीन मोजत होत्या, आणि त्यांनी वहीतून मान वर केली नव्हती.

"सरकणं म्हणजे काय माप आहे का?" समोरचा वकील म्हणाला. "कुणाचा हात लांब, कुणाचा आखूड."

"हात कुणाचाही असो," भाची एकदम उभी राहिली. तिचा चेहरा बदलला होता. "गाणं एकाच बाईनं, त्याच दोन दिवसांत, त्याच बायकांना घेऊन म्हटलंय. म्हणजे एका रेघेचं माप सगळ्या पातींना सारखंच यायला हवं. साहेब, एकवीस पातींचे बांध आजही उभे आहेत. मोजा. जुळलं तर ही वही घरी बसून रचलेली नाही. आणि नाही जुळलं, तर मी स्वतः अर्ज मागे घेते."

साहेबांनी हातरुमाल घडी करून खिशात ठेवला. पेन हातात राहिलं.

"मोजणीदाराला बोलवा," ते म्हणाले.

*

आठवड्यानं सगळे उतारावर जमले. मोजणीदार हडकुळा, अबोल माणूस होता. टेपचं एक टोक शिपायाच्या हातात देऊन तो पातीमागून पात चालत होता आणि आकडे पुटपुटत होता. भाची वही धरून मागे. पहिली पात, एकतीस रेघा. दुसरी, अठ्ठावीस. तिसरीपाशी मोजणीदारानं पेन्सिल कानावर खोचली, मनात भागाकार केला आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं. "रेघेला अडीच फूट. तिन्हीकडे. बोटभर इकडे तिकडे."

चौथीला तेच. पाचवीला, आठवीला तेच. नववी मात्र चार रेघा कमी भरली आणि समोरच्या वकिलाच्या चेहऱ्यावर ऊन आलं. "नववीत नापास!"

"नापास कशी?" एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. पूर्वीची तोतरी, आता दात नसल्यानं तोतरेपणात भरच पडली होती. "दरड को... कोसळली त्या साली चार सरी खाली गेल्या. तो ढीग दिसत नाही का? च... चष्मा आहे ना डोळ्याला?"

सगळ्या हसल्या. मोजणीदार ओघळात उतरून ढीग पाहून आला, काहीतरी लिहून घेतलं. दुपार कलेपर्यंत एकवीस पाती झाल्या. वकील झाडाखाली बसून बूट झटकत होता. आता तो हंडीबद्दल बोलत नव्हता.

राहिली बाविसावी. ती सुरू व्हायची ते नीट होतं, पण मध्यावर तारेचं कुंपण आडवं आलं होतं. पलीकडे माजलेलं गवत, त्याच्याही पलीकडे झऱ्याचा आवाज.

"कुंपणापर्यंत तीस फूट," मोजणीदार म्हणाला. "बारा रेघा. वहीत एकोणीस."

"म्हणजे साडेसतरा फूट अजून आहे," भाची म्हणाली.

"असेल. पण पलीकडे बांध दिसत नाही. गवतच गवत."

धाकटीनं कमरेचं खुरपं काढलं आणि पातीच्या तोंडाशी उकिडवी बसली. एकेक करून इतर बायका तिच्या दोन्ही अंगांना बसल्या. कुणी सांगितलं नव्हतं. खुरपणी झालेली होती, तण नावालाच होतं. तरी खुरपी मातीला लागली.

"बाविसावी पात गं कुणाची?" धाकटीनं सुरुवात केली, आणि बाकीच्यांच्या तोंडून सवयीनं आलं, "वाऱ्याची गं..." आणि थांबलं. सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. पुढचे जुने शब्द कुणालाच आठवत नव्हते. धाकटीचा आवाजही अडखळला. इतकी वर्षं एकटीनं जपलेली गोष्ट चारचौघांत काढताना अडखळतो तसा.

बाई बांधावर उभ्या होत्या, तेव्हा बसल्या होत्या तिथेच. वही भाचीकडे होती. त्यांचे हात रिकामे होते. त्या खाली उतरल्या, गुडघे मुडपले, धाकटीच्या शेजारी मातीत बसल्या आणि आपल्या शाळेत झिजलेल्या, बेसूर आवाजात म्हणाल्या:

"माझीच बाई, माझीच गं.
झऱ्याच्या काठाला काळा धोंडा,
तिथवर माझी, माझीच गं."

धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं. खोटी नव्हते ना मी, एवढंच त्या पाहण्यात होतं. मग तिनं मान वळवली आणि ओळीला हाक दिली: "सर गं सये, सर पुढं!"

ओळ पुढे सरकली. एक. दोन. बाईंना आता दिसत होतं: कुणाचं खुरपं मागे पडतंय, कुणाचा गुडघा दुखतोय, आणि त्या शेवटच्या हातासाठी गाणं कसं क्षणभर थांबतंय. मूठ आवळलेली नव्हती ती. एकवीस जणींना पुढे घालून मग जिनं स्वतःचं नाव घेतलं होतं, ती शेवटी 'माझी' नाही म्हणणार तर कधी म्हणणार?

बाराव्या वेळी ओळ कुंपणाला भिडली. गाणं संपलं नव्हतं. बायका थबकल्या, तारेपलीकडे बागेचा रखवालदार काठी घेऊन उभा होता. साहेब उतारावरून हळूहळू खाली आले, तारेपाशी थांबले आणि मोजणीदाराला म्हणाले, "तार वर धर."

मोजणीदारानं बुटानं खालची तार दाबली, हातानं वरची उचलली. धाकटी वाकून पलीकडे गेली. मागून बाकीच्या. बाईंचा पदर तारेत अडकून फाटला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. रखवालदारानं साहेबांकडे पाहिलं, काठी बगलेत मारली आणि बाजूला झाला.

तेरा. चौदा. गवत कमरेएवढं, मुळं चिवट. अठराव्या वेळी झऱ्याचा गारवा चेहऱ्याला लागला. एकोणिसाव्या वेळी धाकटीचं खुरपं खणकन वाजलं.

तिनं दोन्ही हातांनी गवत उपटलं. माती बाजूला केली. खालून काळी पाठ वर आली, ओली, गुळगुळीत, बसक्या म्हशीसारखी. धोंड्याच्या दोन्ही बाजूंना मातीत गाडलेल्या दगडांची ओळ होती, झऱ्याच्या काठानं गेलेली. बांध.

मोजणीदारानं टेप लावला. "सत्तेचाळीस फूट, सहा इंच," तो म्हणाला, आणि मग कुणी विचारलं नसताना, "एकोणीस."

साहेबांनी लिहून घेतलं. निकाल रीतसर येईल म्हणाले, पंधरा दिवस लागतील, कदाचित महिना. पण मोजणीदारानं नकाशावर बाविसाव्या पातीची रेघ कुंपण ओलांडून धोंड्यापर्यंत ओढली होती, आणि ती पेन्सिलीनं नव्हे, शाईनं.

परत निघताना भाचीनं विचारलं, "आत्या, आणि वाचनालयाच्या भिंतीवरची ओळ? ती पुसायला सांगू?"

बाईंनी थोडा विचार केला. "ओळ राहू दे. वाईट नाही ती. खालचं 'लोकगीत' पुसा आणि माझं नाव घाला. ज्याचं त्याच्या नावावर असावं."

"आणि बाई, मोजणी संपली म्हणून उठलात होय?" मागून धाकटीचा आवाज आला. ती धोंड्याला टेकून बसली होती, पाय झऱ्यात सोडून. बायका अजून ओळीतच होत्या; कुंपणापासून धोंड्यापर्यंतचं गवत नीट साफ व्हायचं होतं. "हे सात सरींचं रान कोण साफ करणार? वारा?"

बायका खिदळल्या. बाई परत फिरल्या. कुणीतरी त्यांच्या हातात खुरपं दिलं. ते त्यांनी उलटं धरलं, मग सुलटं धरलं, आणि ओळीच्या टोकाला बसल्या. पहिल्याच सरीला त्या मागे पडल्या. सगळ्यांचे हात थांबले. पालुपद तसंच हवेत थांबून राहिलं, त्यांचं तण निघेपर्यंत.

मग धाकटी म्हणाली, "सर गं सये, सर पुढं," आणि सगळ्या पुढं सरल्या.